हार्ड डिस्क नसलेला संगणक कोणाला हाक मारतो?

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून शाळांच्या संगणक कक्षांतून एकच काळजी ऐकू येते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा, आणि कक्षातली यंत्रं त्याहून कितीतरी जुनी. मॉनिटर चांगले आहेत, कीबोर्ड चालतात, मेमरीही ४ जीबी आहे. कुरकुरते ती फक्त हार्ड डिस्क. तेवढ्यासाठी पंचवीस यंत्रं भंगारात काढायची?

काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. या यंत्रांना हार्ड डिस्कची गरजच पडणार नाही अशी सोय करता येते. बटण दाबलं की यंत्र नेटवर्कच्या केबलमधून एका सर्व्हरकडे जातं, तिथून लिनक्स उचलतं आणि चालू होतं. याला नेटवर्क बूट म्हणतात. मात्र जे शिक्षक हे करून पाहतात, ते लिनक्सपाशी क्वचितच अडतात. अडतात ते डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सेवा, या नावाच्या दारात. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत मी अशाच कक्षात पूर्ण दिवस घालवला आहे. सर्व्हर ठणठणीत होता, केबली शाबूत होत्या आणि सगळ्या पडद्यांवर एकच ओळ होती: पीएक्सई-ई५३. डीएचसीपीच्या मांडणीत एक ओळ कमी होती, एवढंच कारण. म्हणून आज फक्त त्या दाराबद्दल सांगतो.

थिन क्लायंट कशाला म्हणायचं

बोलताना आपण दोन गोष्टी एकाच नावाने ओळखतो. खरा थिन क्लायंट जवळपास काहीच काम करत नाही. सगळा हिशेब सर्व्हर करतो, टेबलावरचं यंत्र फक्त चित्र दाखवतं आणि कीबोर्डच्या कळा पोहोचवतं. दुसरा प्रकार डिस्कविना चालणारा संगणक. तो फाइली सर्व्हरकडून आणतो, पण प्रोसेसर आणि मेमरी स्वतःची वापरतो.

शाळेतल्या जुन्या यंत्रांसाठी मी दुसरा प्रकार सुचवतो. त्यांचे प्रोसेसर अजून कामाचे आहेत, ते रिकामे का ठेवायचे? शिवाय पंचवीस मुलांनी एकदम व्हिडिओ लावला तरी एकट्या सर्व्हरच्या प्रोसेसरवर भार येत नाही. एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, हा जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. ग्रीसच्या आल्किस जॉर्जोपुलोस यांनी २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला, तेव्हापासून त्याचा भरही याच प्रकारावर आहे. सुरू होण्याची पद्धत दोन्ही प्रकारांत एकच.

लग्नघराच्या दारात

बटण दाबल्यावर यंत्राजवळ एकच ओळख असते: नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता. आपण कुठे आलो आहोत, इथे कोण कोण आहे, आपल्याला कोणत्या क्रमांकाने ओळखतील, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं.

मोठ्या लग्नघरी नवखा पाहुणा येतो, तसंच हे. त्याला कुणाचा चेहरा ओळखीचा नाही, म्हणून तो अंगणात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो, "अहो, खोल्या कोण देतंय?" दारात यादी घेऊन बसलेले काका म्हणतात, "माडीवरची तिसरी खोली रिकामी आहे, देऊ का?" पाहुणा म्हणतो, "तीच द्या." काका यादीत नाव लिहितात आणि सांगतात, "दिली. परवापर्यंत तुमची. पाणी मागच्या अंगणात आहे, बाहेर जायचा रस्ता इकडून."

डीएचसीपी म्हणजे हे काका. खोली म्हणजे आयपी पत्ता. 'परवापर्यंत' ही त्या पत्त्याची मुदत, आणि बाहेर जायचा रस्ता म्हणजे राउटर. शोध, प्रस्ताव, मागणी, मान्यता असे हे चार निरोप यंत्र सुरू होताना सेकंदभरात उरकतात. तुमचा मोबाइल वायफायला जोडला जातो तेव्हाही हेच घडतं.

हाक अंगणापुरतीच ऐकू जाते, हे मात्र ध्यानात ठेवा. मधे राउटर असेल तर ती पलीकडे पोहोचत नाही. एकाच स्विचवरच्या शाळेच्या कक्षात ही अडचण येत नाही. महाविद्यालयात प्रत्येक विभागाचं जाळं वेगळं असेल, तर हाक पुढे पोहोचवणारा निरोप्या, म्हणजे रिले, राउटरवर नेमावा लागतो.

पत्त्याच्या जोडीला दोन ओळी

मोबाइलला खोली मिळाली की त्याचं काम भागतं. डिस्क नसलेल्या यंत्राचं भागत नाही, कारण त्याचं पोट रिकामं असतं. त्याला आणखी दोन गोष्टी कळायला हव्यात: भटारखाना कुठे आहे, आणि तिथे जाऊन काय मागायचं.

पहिलं उत्तर म्हणजे फाइल देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता. याला 'नेक्स्ट सर्व्हर' म्हणतात. दुसरं म्हणजे सुरुवातीच्या फाइलचं नाव. संपूर्ण नेटवर्क बूट या दोन ओळींवर उभं आहे.

या ओळी कुठे लिहायच्या यावरून बराच घोळ होतो आणि त्याचं मूळ इतिहासात आहे. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी डिस्कविना यंत्रांसाठीच बूटपी नावाची पद्धत मांडली. तिच्या निरोपात सर्व्हरच्या पत्त्यासाठी आणि फाइलच्या नावासाठी दोन ठरलेले रकाने होते. डीएचसीपी नव्वदच्या दशकात आली ती त्याच कागदावर, खाली पुरवणी जोडून. त्या पुरवणीतल्या नोंदींना क्रमांक असतात. ६६ म्हणजे सर्व्हरचं नाव, ६७ म्हणजे फाइलचं नाव. त्यामुळे तीच माहिती दोन ठिकाणी लिहिता येते, आणि काही यंत्रं जुने रकानेच वाचतात, पुरवणीकडे पाहतसुद्धा नाहीत. ६६ भरूनही यंत्र हलत नसेल, तर नेक्स्ट सर्व्हरचा रकाना भरला आहे का हे आधी बघा.

पडद्यावर येणारे सांकेतिक क्रमांक या गोष्टीत नीट बसतात. पीएक्सई ही नेटवर्कवरून सुरू होण्याची इंटेलने आखलेली पद्धत. तिची २.१ आवृत्ती १९९९ ची, आणि ती अजूनही चालते. ई५१ दिसला तर हाकेला कुणीच ओ दिली नाही. केबल, स्विच किंवा डीएचसीपी सेवा बंद आहे का ते पाहा. ई५३ म्हणजे खोली मिळाली, पण काय मागायचं ते कुणी सांगितलं नाही. ई३२ म्हणजे भटारखान्याचा पत्ता मिळाला, तिथे गेल्यावर मात्र दार बंद होतं. फाइल देणारी सेवा चालू नाही, किंवा सर्व्हरच्या फायरवॉलने ६९ क्रमांकाचा पोर्ट अडवला आहे. यूईएफआय ही बायोसच्या जागी आलेली सुरुवातीची व्यवस्था असलेल्या नव्या यंत्रांवर ई१६ येतो: कामाचा प्रस्ताव एकही आला नाही. एवढे चार क्रमांक कागदावर लिहून कक्षाच्या भिंतीला लावावेत, असं मी प्रत्येक शाळेत सांगतो.

"आमचा राउटर आधीच पत्ते वाटतो, त्याचं काय?"

बहुतेक शाळांत हीच स्थिती असते. ब्रॉडबँडवाल्याने राउटर बसवून दिलेला, पत्ते तोच वाटतो, आणि त्याच्या मांडणीत ६६ किंवा ६७ लिहायला जागाच नसते. अशा वेळी उत्साहाने सर्व्हरवर दुसरी डीएचसीपी सेवा चालू केली, तर दारात दोन काका बसतात. दोघांच्या याद्या वेगळ्या. एकाने दिलेली खोली दुसराही देतो, किंवा बाहेरचा रस्ताच चुकीचा सांगतो. मग मुख्याध्यापकांच्या खोलीतलं इंटरनेट बंद पडतं आणि खापर संगणक कक्षावर फुटतं.

यावर प्रॉक्सी डीएचसीपी नावाचा फार शहाणा उपाय आहे. काकांशेजारी एक मावशी उभ्या राहतात. त्या खोल्या देत नाहीत, यादीला हात लावत नाहीत. पाहुण्याने "जेवायचंय" म्हटलं तरच बोलतात: भटारखाना अमुक ठिकाणी, अमुक मागा. पाहुणा काकांकडून खोली घेतो, मावशींकडून जेवणाची माहिती घेतो आणि दोन्ही जोडून पुढे जातो.

"जेवायचंय" हे यंत्र खरोखर सांगतं. पीएक्सईने सुरू होणारं यंत्र आपल्या हाकेतच, ६० क्रमांकाच्या नोंदीत, 'पीएक्सई क्लायंट' असं लिहून पाठवतं. मोबाइल किंवा छापयंत्र ते लिहीत नाही, म्हणून मावशी त्यांना उत्तरच देत नाहीत. शाळेच्या बाकीच्या व्यवहाराला धक्का लागत नाही. सायमन केली यांची डीएनएसमास्क ही छोटी, मोफत प्रणाली हे काम एका ओळीत करते. पत्त्यांचा टप्पा लिहून त्यापुढे 'प्रॉक्सी' हा शब्द घालायचा. एलटीएसपी तर ही मांडणी स्वतःच तयार करून देतं. एकच काळजी घ्या: या पद्धतीत पोर्ट ६७ आणि ६९ बरोबर ४०११ सुद्धा फायरवॉलमध्ये उघडा असावा लागतो.

दुसरा रस्ता म्हणजे सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं लावायची आणि कक्षाचं जाळं वेगळं काढायचं. मग कक्षापुरते काकाही आपलेच. एलटीएसपीच्या मांडणीत अशा वेळी सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.६७.१ असतो. शाळेचं जाळं आधीच गुंतागुंतीचं असेल तर हा रस्ता निवडावा. एरवी मावशींवर विश्वास ठेवावा.

"आमची यंत्रं एकसारखी नाहीत"

कुठल्याच शाळेत नसतात. काही शासकीय योजनेतून आली, काही एखाद्या बँकेने दिली, दोन माजी विद्यार्थ्यांनी आणून ठेवली. त्यातली जुनी बायोसवर चालतात, नवी यूईएफआयवर. दोघांना लागणारी पहिली फाइल वेगळी. बायोसवाल्याला यूईएफआयची फाइल दिली, तर उपवासाच्या दिवशी ताटात पुरणपोळी वाढल्यासारखं होतं. जिन्नस चांगला आहे, पण या पानावर चालत नाही.

इथेही यंत्र आधीच सांगतं, ऐकणारा हवा. हाकेतल्या ९३ क्रमांकाच्या नोंदीत ते आपली जात कळवतं: ० म्हणजे जुन्या पद्धतीचं बायोस, ७ म्हणजे ६४ बिटचं यूईएफआय. ही नोंद २००६ मध्ये प्रमाण झाली. त्यामुळे ६७ मध्ये एकच नाव कायमचं ठोकून ठेवू नका. '९३ मध्ये ० असेल तर ही फाइल, ७ असेल तर ती' असा नियम लिहा. 'अर्धा वर्ग सुरू होतो, अर्धा होत नाही' ही तक्रार आली की माझा पहिला संशय इथेच जातो.

गोल गोल फिरणारा पाहुणा

आता सगळ्यात फसवी जागा. कार्डावरची पीएक्सई फाइल आणते टीएफटीपी या पद्धतीने. ती १९८१ ची, अगदी साधी, ना पासवर्ड ना फाइलींची यादी. तिचा वाढपी एक घास वाढतो आणि पाहुणा "झाला" म्हणेपर्यंत दुसरा उचलत नाही. मूळ घास ५१२ बाइटचा. ५० एमबीची फाइल असेल तर लाखाच्या वर घास होतात. त्यात घास मोजायचा आकडा ६५,५३५ च्या पुढे जात नसे, म्हणून मूळ पद्धतीत साधारण ३२ एमबीची वेस होती. १९९५ मध्ये घास मोठा करायची सोय झाली, तरी "झाला" म्हणायची वाट पाहणं राहिलंच.

म्हणून हल्ली पहिल्यांदा आयपीएक्सई नावाचा एक छोटा, हुशार प्रोग्राम पाठवतात. काहीशे केबीचाच असतो, टीएफटीपीलाही तो जड जात नाही. एकदा चालू झाला की पुढच्या मोठ्या फाइली तो एचटीटीपीने, म्हणजे संकेतस्थळं उघडतात त्याच वेगवान पद्धतीने, आणू शकतो. हा झाला नाश्ता, मुख्य जेवण पुढे.

पण आयपीएक्सई चालू झाल्यावर पहिलं काय करतो? तोही अंगणात उभा राहून हाक देतो. काकांना वाटतं नवा पाहुणा आला. ते म्हणतात, "भटारखान्यात जा आणि नाश्ता मागा." नाश्ता म्हणजे आयपीएक्सई. तो पुन्हा चालू होतो, पुन्हा हाक देतो, पुन्हा नाश्ता मिळतो. यंत्र अखंड फिरत राहतं आणि पडद्यावर त्याच ओळी येत राहतात. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी भरतंय, थोडं थांबू. अर्धा तास थांबलेले लोक मी पाहिले आहेत.

उत्तर पुन्हा हाकेतच आहे. आयपीएक्सई आपल्या हाकेत, ७७ क्रमांकाच्या नोंदीत, स्वतःचं नाव लिहितो. म्हणजे पाहुणा सांगतोच आहे, "माझा नाश्ता झालाय." तेव्हा नियम असा हवा: ७७ मध्ये आयपीएक्सई हे नाव असेल तर नाश्ता पुन्हा द्यायचा नाही, थेट जेवणाच्या पानावर पाठवायचं, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या यादीची फाइल द्यायची. हा नियम ९३ च्या नियमांच्या आधी लागू झाला पाहिजे. क्रम चुकला तर फेरा सुटत नाही.

"सगळं बरोबर लिहिलंय, तरी कधी होतं, कधी नाही"

कधी चालणारी आणि कधी न चालणारी गोष्ट माणसाला सगळ्यात थकवते. अशा वेळी मी दोन जागा तपासतो.

पहिली म्हणजे स्विच. महागड्या, मांडणी करता येणाऱ्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असते. केबलींचा गोल फेरा होऊन जाळं कोसळू नये म्हणून नवी केबल जागी झाली की तो स्विच १५ अधिक १५, असे तीस सेकंद कान देऊन बसतो आणि तोवर काहीच पुढे जाऊ देत नाही. यंत्र हाका मारत राहतं, काकांपर्यंत त्या पोहोचतच नाहीत, आणि बऱ्याच यंत्रांचा धीर तेवढा टिकत नाही. संगणक जोडलेल्या पोर्टांवर 'पोर्टफास्ट' किंवा 'एज पोर्ट' ही सोय चालू केली की प्रश्न मिटतो. गंमत म्हणजे, साधा स्वस्त स्विच घेतलेल्या शाळेला हा त्रास होतच नाही.

दुसरी जागा खोल्यांची संख्या. एकच यंत्र सुरू होताना तीनदा पत्ता मागतं: एकदा पीएक्सई, एकदा आयपीएक्सई, एकदा लिनक्स. तिघे मागताना आपली ओळख वेगवेगळ्या प्रकारे सांगू शकतात. पाहुण्याने पहिल्यांदा 'सुरेश', मग 'बाळू', मग 'भाऊसाहेब' असं नाव सांगितलं, तर काका भोळेपणाने तीन खोल्या अडकवून ठेवतात. पंचवीस यंत्रांना पन्नास पत्ते ठेवले तरी दुपारपर्यंत संपतात, आणि त्यात शिक्षकांचे मोबाइलही असतात. पत्ते तुम्ही डीएनएसमास्ककडून वाटत असाल, तर सांगितलेलं नाव न ऐकता फक्त मॅक पत्ता पाहायला त्याला सांगता येतं. दुसरं, पत्त्यांचा टप्पा ऐसपैस ठेवा. प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता लिहून त्याला कायमची खोली दिली तर आणखी बरं. 'यंत्र सात' म्हटलं की कोणतं ते लगेच सापडतं.

"एक सर्व्हर बसला तर वर्गच बसेल"

खरं आहे. या व्यवस्थेचा हा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो झाकू नये. पंचवीस डिस्कांऐवजी एका डिस्कवर सगळं येतं. सर्व्हरला यूपीएस हवा, दुसरी डिस्क आरशासारखी जोडलेली हवी, आणि लिनक्सच्या तयार प्रतिमेची, म्हणजे यंत्रांना दिल्या जाणाऱ्या सगळ्या फाइलींच्या गठ्ठ्याची, एक प्रत बाहेर ठेवलेली हवी. त्याबदल्यात दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची असते. सर्व्हरवर एकदा नवा प्रोग्राम घातला आणि प्रतिमा पुन्हा बांधली की दुसऱ्या दिवशी सगळी यंत्रं नवी.

इंटरनेट गेलं तर? कक्ष चालतो, कारण सगळं आतल्या आत घडतं. मात्र प्रॉक्सी पद्धतीत राउटरच बंद पडला तर खोल्या देणारे काकाच गेले, मग मावशी एकट्या काही करू शकत नाहीत. म्हणून राउटरही यूपीएसवर ठेवा. पावसाळ्यात वीज ये-जा करते तिथे हे फार महत्त्वाचं आहे.

वायफायवर हे करू नका. जुन्या यंत्रांची पीएक्सई केबलच ओळखते. आणि सर्व्हरपासून स्विचपर्यंतची केबल गिगाबिटची हवीच. १०० मेगाबिटच्या वाटेने सेकंदाला जेमतेम १२ एमबी येतात आणि त्यात पंचवीस यंत्रं वाटेकरी.

"कुणी दुसराच काका बनून बसला तर?"

बसू शकतो. डीएचसीपी कुणाचंही ओळखपत्र तपासत नाही. हाकेला आधी ओ देणारा जिंकतो. कुणी खोडसाळपणे आपला लॅपटॉप जाळ्यात लावून यंत्रांना स्वतःची फाइल देऊ शकतो. यावर स्विचमधली डीएचसीपी स्नूपिंग ही सोय कामी येते: ठरलेल्या पोर्टावरून आलेलंच उत्तर स्वीकारायचं, बाकीची टाकून द्यायची. सुरुवातीच्या टप्प्यातले प्रोग्रामही निर्दोष नसतात. जानेवारी २०२४ मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीच्या संशोधकांनी यूईएफआयच्या नेटवर्क भागातल्या नऊ त्रुटी 'पिक्सीफेल' या नावाने जाहीर केल्या. तेव्हा यंत्राच्या उत्पादकाने फर्मवेअरची, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या या सुरुवातीच्या प्रोग्रामची, दुरुस्ती दिली असेल तर ती घाला, आणि कक्षाचं जाळं शाळेच्या कार्यालयापासून वेगळं ठेवा. फीचे हिशेब आणि मुलांचे दाखले त्याच जाळ्यात नसावेत.

सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर सही नसलेली फाइल यूईएफआय नाकारतं, आणि पडद्यावरचा निरोप अनेकदा नेटवर्कच्या चुकीसारखा दिसतो. जुन्या यंत्रांत हा प्रश्न नाही. नव्यात तो पर्याय तात्पुरता बंद करून पाहा, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल.

सोमवारी सुरुवात करायची असेल तर

पंचवीस यंत्रांना एकदम हात लावू नका. एक सर्व्हर, एक स्विच, पत्ते वाटणारा राउटर, एक जुनं यंत्र आणि तीन केबली शनिवारी दुपारी एका टेबलावर मांडा. डीएनएसमास्कमध्ये डीएचसीपीची नोंदवही चालू करा आणि तिच्यावर नजर ठेवून यंत्राचं बटण दाबा. यंत्राचा मॅक पत्ता दिसला की हाक पोहोचली. त्यापुढे ९३ ची जात आणि दिलेल्या फाइलचं नाव दिसलं की मावशी बोलल्या. मग टीएफटीपीने ती फाइल पाठवल्याची ओळ येईल. त्यानंतर तोच मॅक पत्ता दुसऱ्यांदा हाक मारताना दिसेल, या वेळी ७७ मध्ये आयपीएक्सईचं नाव घेऊन. त्या दुसऱ्या हाकेला नोंदवहीत वेगळ्या फाइलचं नाव आलं, तर यंत्राकडे वळून बघा. लिनक्सच्या ओळी पडद्यावर उतरायला लागलेल्या असतील.